खात्यात दुसरं कोणी आहे असं वाटलं तर

(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. मिरजेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. दिवसभर मान खाली, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि बोलायचं काम समोरच्या गिऱ्हाइकाचं. संयोजकांनी फोन केला की मुलामुलींना ‘सायबर सुरक्षा’ या विषयावर काहीतरी सांगा. मी म्हटलं, एवढा मोठा विषय मला झेपणार नाही. पण एक प्रसंग माझ्या काउंटरवर दर आठवड्याला घडतो. माणूस येतो, फोन ठेवतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, ‘भाई, माझ्या खात्यात दुसरं कोणीतरी आहे असं वाटतंय.’ त्या वाक्याच्या पुढे काय करायचं, तेवढंच सांगतो.

एका रात्रीपासून सुरुवात करतो. शटर निम्मं ओढलं होतं, तेवढ्यात आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा धापा टाकत आला. बारावी करून आयटीआयला जाणारा, साधा पोरगा. म्हणाला, ‘चाचा, माझ्या इन्स्टावर स्टोरी पडलीय. मी नाही टाकली.’ त्याच्या मित्राच्या फोनवर मी ती स्टोरी पाहिली. त्यात काय होतं ते इथे सांगत नाही. शटर परत वर केलं आणि त्याला आत घेतलं.

माझा जीव का खालीवर झाला ते तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या एका चित्रावरून मिरजेत दंगल झाली, कर्फ्यू लागला. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. आता तसं चित्र लावायला कमान लागत नाही. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला मोहसीन शेखला मारलं. फेसबुकवरच्या विटंबनेच्या पोस्टवरून शहरात तणाव होता, आणि त्या पोस्टशी मोहसीनचा काडीचा संबंध नव्हता. तो नमाज पढून परत चालला होता. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं. त्याच वर्षी १० सप्टेंबरच्या रात्री सातारा जिल्ह्यात पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुराचं निमित्त झालं आणि एकाचा जीव गेला. तर दुसऱ्या कोणाचं खातं गेलं तर त्याचे पैसे जातात, फोटो जातात. आपल्या मुलाचं खातं गेलं आणि त्यावरून कोणी काही टाकलं, तर गल्लीतल्या चाळीस घरांना रात्रभर झोप येत नाही.

त्या मुलाला मी आधी पाणी दिलं आणि विचारलं, ‘आधी काही जाणवलं होतं का?’ तो नाही म्हणाला. मग एकेक आठवत गेलं. चार दिवसांपूर्वी ‘नवीन ठिकाणाहून लॉगिन’ असा मेल आला होता, त्याने बोटाने सरकवून दिला. दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्राम आपोआप बाहेर पडलं होतं, त्याला वाटलं अपडेट असेल. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या एकाने विचारलं, ‘अरे, तू मला मतदानाची लिंक कशाला पाठवलीस?’ तेही हसण्यावारी गेलं. चार दिवसांत तीन खुणा दिसल्या, आणि प्रत्येक वेळी त्याने स्वतःची समजूत घातली. मी त्याला दोष देत नाही. आपण सगळे असंच करतो.

ती मतदानाची लिंक नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं खातं याच वाटेने जातं. ओळखीच्या मित्राच्या नावाने मेसेज येतो: मी एका स्पर्धेत आहे, मला मत दे, तुला एक एसएमएस येईल, त्याचा स्क्रीनशॉट पाठव. तो एसएमएस असतो तुमच्याच खात्यात शिरण्याच्या लिंकचा. स्क्रीनशॉट पाठवला की दार उघडलं. मित्र तुम्हाला फसवत नसतो. मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं. व्हॉट्सॲपवर हेच सहा आकडी कोडने होतं. ‘चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर आलाय, जरा सांग ना.’ कोणाचाही कोड चुकून तुमच्या नंबरवर येत नाही.

आता त्या रात्री आम्ही काय केलं ते सांगतो. त्यात चुकाही झाल्या.

मुलाचं पहिलं म्हणणं होतं, सिम फेकतो आणि इचलकरंजीला खालाकडे निघून जातो. मी म्हटलं, तू पळालास की ती स्टोरी तुझीच झाली. दुसरं म्हणणं, खातंच उडवतो. म्हटलं, खात्यासोबत पुरावाही उडेल, आणि मुळात तुला आत शिरता येत नाहीये. म्हणून आधी मित्राच्या फोनवरून स्टोरीचे, प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घेतले. वरच्या पट्टीत वेळ आणि तारीख दिसेल असे. त्या मित्राला आलेल्या मतदानाच्या लिंकचाही घेतला, कारण त्यावर दोन दिवस आधीची तारीख होती. पुढे सगळ्यात उपयोगी पडला तो हाच.

मग त्याचा जीमेल उघडायला सांगितला. त्याने बऱ्याच महिन्यांत तो उघडलेला नव्हता, तुम्हीही उघडत नसाल. ढिगाऱ्यात इन्स्टाग्रामचा मेल पडला होता: तुमच्या खात्याचा ईमेल पत्ता बदलला आहे, तुम्ही बदलला नसेल तर इथे दाबा. इथे मी घाई केली. दाब म्हटलं. खरं तर आधी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न अक्षर तपासायला हवा होता, कारण असे खोटे मेल खऱ्यांपेक्षा जास्त फिरतात आणि घाबरलेला माणूस काहीही दाबतो. त्या दिवशी तो मेल खरा निघाला, नशीब. तुम्ही माझ्यासारखं करू नका. मेलमधली लिंक न दाबता स्वतः ॲप उघडा किंवा ब्राउझरमध्ये ‘इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड’ असं हाताने टाइप करा, तिथून खातं परत मिळवायची वाट दाखवतात. आत शिरता येत असेल तर सेटिंगमध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’मध्ये इन्स्टाग्रामने तुम्हाला अलीकडे कोणते मेल पाठवले त्याची यादी असते. मेल त्या यादीत नसेल तर तो खोटा.

पाऊण तासात खातं हाती आलं. स्टोरी काढण्याआधी ती कोणी कोणी पाहिली त्या यादीचाही स्क्रीनशॉट घेतला. कुठून कुठून लॉगिन आहे ती यादी उतरवली, मग सगळ्यांना बाहेर काढलं, पासवर्ड बदलला.

यात एक मेख आहे. पासवर्ड बदलणं ही गोष्ट सगळ्यांना सुचते, पण तो कोणत्या फोनवरून बदलताय हे कोणी बघत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते, दाबली की फोनमध्ये ॲप बसतं आणि तुमचे एसएमएस दुसरीकडे जायला लागतात. अशा फोनवरून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोराला नव्या कुलपाची किल्ली हातात देणं. बाहेरून आलेलं असं काही बसवलं असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या विश्वासाच्या फोनवरून पासवर्ड बदला, आणि हा फोन पूर्ण रीसेट करून घ्या. रीसेट म्हटलं की फोटो जातील म्हणून लोक रडतात. फोटो आधी काढून ठेवा.

दुसरी मेख ईमेलची. घरात सगळ्या किल्ल्या एका खिळ्याला टांगलेल्या असतात ना, तसं तुमचं ईमेल. इन्स्टा, फेसबुक, बँक, सगळ्यांचा ‘पासवर्ड विसरलो’ तिथेच येतो. म्हणून ईमेल आधी. गुगलच्या खात्यात सिक्युरिटीमध्ये जाऊन कोणते फोन, कोणते कॉम्प्युटर जोडलेत ते पाहा. रिकव्हरीचा नंबर आणि पत्ता तुमचाच आहे का ते पाहा. कोणी तो बदलला असेल तर जुना नंबर सात दिवसांपर्यंत चालू शकतो, म्हणून आज-उद्या करत बसू नका. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर जरूर उघडा. हे कोणीच उघडत नाही. आत शिरलेला माणूस तिथे गुपचूप आपला पत्ता घालून ठेवतो. तुम्ही पासवर्ड दहा वेळा बदला, मेल त्याच्याकडे जातच राहतात.

व्हॉट्सॲप गेलं तर घाबरायचं कारण त्या मानाने कमी. ‘हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही’ असं दिसलं की लगेच आपल्या फोनवर पुन्हा नोंदणी करा, एसएमएसने आलेला कोड टाका, समोरचा बाहेर फेकला जातो. त्याने मध्येच आपला पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत यायला सात दिवस थांबावं लागेल, पण कोड टाकल्या क्षणी तोही बाहेरच असतो. तुमच्या जुन्या गप्पा फोनमध्ये असतात, त्यामुळे नुसता नंबर पळवून त्या त्याला मिळत नाहीत. मात्र तो तेवढ्या वेळात तुमच्या ग्रुपवर काय टाकेल आणि तुमच्या मामूकडे किती पैसे मागेल, याचा नेम नाही. परत आलात की आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. आणि कोणी तुम्हाला फोनवर स्टार चारशे एक असला नंबर फिरवायला लावला असेल, तर सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग तपासा. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ती सोय बंद करायला लावली, ती याच फसवणुकीमुळे.

पुन्हा त्या रात्रीकडे येतो. खातं हाती आलं, मुलगा हसायला लागला. एव्हाना त्याचे अब्बा आले होते. ते म्हणाले, ‘झालं ना आता? कुणाला काही सांगू नका. उगाच बदनामी.’ खरं सांगतो, क्षणभर मलाही तेच वाटलं. घरी जाऊन झोपावं. पण स्टोरी बघणाऱ्यांच्या यादीत दोनशेच्या वर नावं होती. त्यांच्यातल्या कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल, तो आत्ता कुठे फिरत असेल, ते आमच्या हातात नव्हतं. उद्या तो समोर आला असता तेव्हा मुलाने ‘मी नाही टाकली’ म्हटलं असतं, तर ते पकडल्यावर सुचलेलं कारण वाटलं असतं. तेच आज रात्री, कोणी विचारायच्या आत सांगितलं, तर त्याला वजन.

म्हणून त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर साधं टाकलं: माझं इन्स्टाग्राम खातं अमुक वेळेपासून माझ्या ताब्यात नव्हतं, त्यावरचा मजकूर माझा नाही, तो मी काढला आहे, पोलिसांत अर्ज देतो आहे. स्टोरीतला मजकूर पुन्हा लिहिला नाही, ते चित्र पुन्हा दाखवलं नाही. हे लक्षात ठेवा. खुलासा करताना लोक तीच गोष्ट परत चिकटवतात आणि आणखी पसरवतात. मशिदीच्या एका बुजुर्ग ट्रस्टींना उठवून सांगितलं. आणि मुलाला दहावीला शिकवलेले एक सर दोन गल्ल्या सोडून राहतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. सर लुंगीवरच बाहेर आले, सगळं ऐकलं, मुलाला एकच विचारलं, ‘तू लिहिलंस का?’ तो नाही म्हणाला. सर म्हणाले, ‘बस इथे,’ आणि फोन घेऊन आत गेले. कुणाकुणाशी बोलले ते मला माहीत नाही. बराच वेळ बोलत होते.

मग पोलीस ठाणे. रात्रीचे साडेअकरा. ठाणे अंमलदार म्हणाले, ‘खातं मिळालं ना परत? मग अर्ज कशाला?’ त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांच्यापुढे अपघाताची माणसं बसली होती. आम्ही वाद घातला नाही, बसून राहिलो. दीड वाजता अर्ज घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. अब्बांनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला. खिशात पडेल म्हणून.

सकाळी चार-पाच जण विचारायला आले. सर आधीच येऊन ओट्यावर चहा पीत होते. पोच दाखवली, दोन दिवस आधीच्या त्या लिंकचा स्क्रीनशॉट दाखवला. थोडा आवाज चढला, मग उतरला. लोक गेले. स्टोरी टाकणारा कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही.

कायद्याचं पटकन सांगून टाकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ६६-ड म्हणजे कॉम्प्युटर किंवा फोन वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं, शिक्षा तेवढीच. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही देता येते. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन, आणि बँकेला कळवा. तुम्ही स्वतः कोड दिला असला तरी, रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे लाजेपोटी घालवलेल्या प्रत्येक तासाचा भुर्दंड तुमच्यावर. हद्द आमची नाही असं कोणी म्हटलं, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती घ्यावी लागते. हे सांगताना आवाज चढवायची गरज नसते. अर्ज लेखी असावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.

आता उलट बाजू. प्रत्येक खूण खरी नसते. एक प्राध्यापक घामाघूम होऊन आले, ‘माझ्या खात्यात मुंबईहून कोणीतरी शिरलंय.’ यादीतल्या फोनचं मॉडेल बघितलं, तो त्यांच्याच हातातला फोन. मोबाइल डेटावर असलात की ठिकाण अंदाजाने दाखवतात, मिरजेतला माणूस मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकतो. वेळेचंही तसंच. काही ठिकाणी जागतिक वेळ छापलेली असते, आपली त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री तीनचं लॉगिन म्हणून घाबरता, ते तुमचं सकाळी साडेआठचं असतं. ठिकाणापेक्षा फोनचं मॉडेल बघा, आणि त्या वेळी आपण काय करत होतो ते आठवा.

कोणीतरी पेगॅससबद्दल विचारणार, दरवेळी विचारतात. ते खरं आहे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनेच भारतातल्या वकिलांना आणि कार्यकर्त्यांना कळवलं होतं की तुमचे फोन लक्ष्य झाले होते. तसला फोन माझ्या काउंटरवर आला तर मला ओळखता येणार नाही, एवढं कबूल करतो. माझ्याकडे येतात ते मतदानाची लिंक, लग्नपत्रिका, आणि सगळीकडे एकच पासवर्ड. आणि घरातली माणसं.

यावर बोलायचं का, हे येताना एसटीत ठरवत होतो. बोलतो.

दुकानात एक ताई आल्या. फोनची बॅटरी लवकर उतरते म्हणाल्या. बॅटरी ठीक होती. मी तसं सांगितलं तरी त्या उठेनात. मग म्हणाल्या, ‘मी मैत्रिणीला जे लिहिते ते घरी कळतं.’ मी व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडलं. एक कॉम्प्युटर जोडलेला होता, त्याच दिवशी वापरलेला. मी मोठ्या ऐटीत लॉग आउट दाबलं आणि म्हटलं, ‘झालं काम, पैसे नकोत.’ पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, साधा बटणांचा फोन घ्यायला. जुना फोन नवऱ्याने काढून घेतला होता. त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मनगटावर काळंनिळं होतं.

मी लॉग आउट दाबलं तेव्हा तिकडे त्याचा स्क्रीन बंद पडला. त्याला कळलं की हिला कळलं. मी एवढा साधा विचार केला नव्हता. बाहेरचा चोर असेल तर त्याला ताबडतोब बाहेर काढायचं. पण आत बसलेला माणूस तुमच्याच छताखाली असेल, तर आधी विचारायचं: याला बाहेर काढलं तर संध्याकाळी घरी काय होईल? आता कोणी बहीण अशी आली तर मी काही दाबत नाही. स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगतो, आणि ठरवणं तिच्यावर सोडतो. कोणी थांबतात. आधी मैत्रिणीच्या फोनवरून नवं ईमेल काढतात, बँकेचा नंबर तिकडे वळवतात, बोलायचं ते समोरासमोर बोलतात, आणि सगळ्यात शेवटी ते एक बटण दाबतात. कोणी कधीच दाबत नाहीत. मदत शोधायची तर पाळत असलेल्या फोनवरून शोधू नका. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२ आहे. पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. आणि कलम ४३ मध्ये ‘मालकाच्या परवानगीशिवाय’ असं म्हटलंय. त्यात नवरा, भाऊ, अब्बा यांना सूट लिहिलेली नाही.

मुलींनो, अजून एक बघा. तुमच्या फोनमध्ये बोटांचे ठसे किती नोंदलेत? फोन आणून दिला तेव्हा ‘सेट करून’ देणाऱ्याचा ठसा बहुतेक वेळा तसाच असतो. आणि तुमचं गुगल खातं कोणी काढलं, पासवर्ड कोणाला माहीत आहे? माझ्या दुकानात एक वही होती. गिऱ्हाइकांची खाती आम्हीच काढून द्यायचो आणि नाव-पासवर्ड त्या वहीत लिहून ठेवायचो, विसरले तर सांगायला. शेकडो बायकांचे पासवर्ड माझ्या गल्ल्याखाली पडलेले. तेव्हा ती सेवा वाटायची. ती वही मी जाळली, पण आधी ती किती जणांच्या नजरेखालून गेली असेल, सांगता येत नाही.

आणि माझी बहीण. २०१६ सालची गोष्ट. ती कॉलेजात होती. व्हॉट्सॲप वेब नवीन नवीन होतं. मी तिचा फोन दुरुस्तीच्या निमित्ताने घेतला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवला. तिच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. दोन महिने वाचत होतो. त्यात काहीही नव्हतं. नोट्स, मैत्रिणींची चेष्टा, अम्मीच्या गुडघ्याची काळजी. एक दिवस तिने ते पाहिलं. भांडली नाही. लिंक काढलीही नाही, तशीच राहू दिली. फक्त लिहिणं बंद केलं. मैत्रिणींना ‘हो’, ‘नाही’, ‘उद्या सांगते’, एवढंच. मला कळायला आठवडा लागला. आजही ती मला फोनवर मोजकंच बोलते. नऊ वर्षं झाली. तिच्या परवानगीने हे सांगतोय. ती म्हणाली, सांग, पण माझी बाजू घेऊन सांगू नकोस, तू काय केलंस ते सांग.

बरं. आता सगळ्यांनी फोन बाहेर काढा. व्हॉट्सॲप उघडा, लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जा. जास्तीत जास्त चार दिसतील. ओळखीचे आहेत का बघा. मग जीमेलमध्ये जोडलेले फोन बघा. मी थांबतो.

कुणाला अनोळखी काही दिसलं तर हात वर करू नका, शेजारच्याला दाखवू नका, आणि काही दाबू नका. नाव आणि वेळ कागदावर लिहून घ्या. जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याच्या पिंपाजवळ बसलेला असेन. मुलींना माझ्याशी बोलायचं नसेल, तर संयोजकांमधल्या दोन ताई तिथेच आहेत, त्यांना मी काल रात्री सगळं शिकवून ठेवलंय. आणि तुमच्यापैकी कोणी दुसऱ्याचा फोन जोडून ठेवला असेल, तर तोही आत्ता तुमच्या कॉम्प्युटरवर दिसत असेल. तिथे मात्र लॉग आउट दाबायला हरकत नाही.